वृत्तपत्रांतील पोलीस : सुरत शहराच्या अनुभवावरून काही विचार



शाळेच्या स्मृति-व्याख्यानमालेत बोलण्याची संधी मिळाली, हा मी माझा सन्मान समजतो. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्याने होतात, त्यांनी मुलांना वाचायला शिकवले. अक्षर ओळखणे हा वाचनाचा पहिला टप्पा होय. छापलेली गोष्ट कोणी सांगितली आणि कोणाला न विचारता सांगितली, हे ओळखणे हा दुसरा. आजचा विषय या दुसऱ्या टप्प्याचा आहे.

सकाळचे वर्तमानपत्र उघडले आणि त्यात पोलिसांविषयी एकही बातमी नाही, असा दिवस सहसा उगवत नाही. उलट आपल्यापैकी बहुतेकांचा पोलीस ठाण्याशी प्रत्यक्ष संबंध आयुष्यात दोन-चार वेळाच येतो. पासपोर्टची चौकशी, हरवलेल्या कागदांची नोंद, एखादा अपघात, एवढाच. म्हणजे पोलिसांविषयीचे आपले मत बव्हंशी वाचनातून बनते. ते कसे बनत गेले, हे आपल्या सुरत शहराच्या उदाहरणावरून पाहण्याचा माझा विचार आहे.

मुख्य प्रतिपादन आरंभीच सांगतो. वृत्तपत्रात पोलीस कसा दिसतो हे तो कसा वागतो यावर अवलंबून असते, यात शंका नाही; परंतु त्याहून अधिक ते बातमी कोणत्या दाराने आत आली यावर अवलंबून असते. सुरतेच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या वृत्तपत्रीय इतिहासात अशी चार दारे दिसतात : नागरिकाचे, प्रत्यक्षदर्शी वार्ताहराचे, पोलीस ठाण्याचे आणि अलीकडचे मोबाईलचे. दार बदलले की चित्र बदलते.

१. नागरिकाचे दार

दिनशा अर्देशर तालयारखान यांनी १८६३ मध्ये सुरतेत ‘सुरतमित्र’ हे पत्र सुरू केले. पुढच्या वर्षी त्याचे नाव ‘गुजरातमित्र’ झाले आणि ते पत्र आजही निघते. त्या काळी सुरत मुंबई इलाख्यात होती. कलेक्टर, न्यायाधीश, पोलीस हे सारे मुंबई सरकारचे. पत्राचे वाचक म्हणजे शहरातील व्यापारी, वकील, शिक्षक आणि नोकरदार. पोलीस ठाण्याची रोज फेरी करणारा गुन्हे वार्ताहर तेव्हा नव्हता. पोलिसांविषयी जे छापले जाई, ते बहुधा नागरिकांच्या पत्रांतून आणि गाऱ्हाण्यांतून येई. साहजिकच त्या लिखाणातला पोलीस हा सरकारचा हात असे. त्या हाताला चेहरा नसे.

१८७८ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. मार्च महिन्यात देशी भाषांतील वृत्तपत्रांवर अंकुश ठेवणारा कायदा झाला. एप्रिलमध्ये परवाना-कराच्या विरोधात सुरतेच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद केली, जमाव जमला, दंगल झाली आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्यानंतर शहरातील मंडळींवर जो खटला झाला, त्यात फिरोजशहा मेहता आरोपींच्या बाजूने उभे राहिले. कर लादणारे सरकार, गोळी झाडणारे पोलीस आणि वृत्तपत्राला जामीन मागणारा कायदा या तीन गोष्टी एकाच वसंत ऋतूत एका शहरासमोर आल्या. वृत्तपत्र आणि पोलीस यांच्यातील अविश्वासाची मुळे किती खोल आहेत, हे यावरून कळावे.

एकोणतीस वर्षांनी, २७ डिसेंबर १९०७ रोजी, काँग्रेसच्या सुरत अधिवेशनात जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या आणि मंडपात काठ्या चालल्या. तो जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि तेच फिरोजशहा मेहता यांना लागला. शेवटी पोलिसांनी येऊन मंडप मोकळा केला. जहाल आणि मवाळ, दोन्ही पक्षांनी आपापली हकिगत प्रसिद्ध केली. टिळक काय म्हणाले, अध्यक्ष रासबिहारी घोष यांनी काय केले, जोडा कोणासाठी होता, यावर आजही पाने भरतात. पोलिसांच्या वाट्याला त्या कथेत एखादे वाक्य येते. नागरिक जेव्हा स्वतः बातमी सांगतो, तेव्हा त्याला आपले भांडण दिसते. पोलीस त्या भांडणाच्या कडेला उभा असतो.

२. प्रत्यक्षदर्शीचे दार

सुरतेच्या पोलिसांचे चित्र साऱ्या जगाने पाहिले ते १९३० मध्ये. दांडी आणि धारासणा ही दोन्ही गावे त्या वेळी सुरत जिल्ह्यात होती. २१ मे १९३० रोजी सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच हजार सत्याग्रही धारासणाच्या मिठागरावर चालून गेले. युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा अमेरिकन वार्ताहर वेब मिलर तेथे उभा होता. लोखंडी टोकाच्या काठ्या रांगेमागून रांगेवर पडत होत्या आणि कोणी हातही वर करीत नव्हते. तात्पुरत्या रुग्णालयात जाऊन मिलरने ३२० जखमी मोजले. त्याची तार अडवण्याचे प्रयत्न झाले, तरी ती गेली. जगभरच्या शेकडो पत्रांनी ती छापली आणि अमेरिकेच्या सिनेटमध्ये ती वाचली गेली.

या वृत्तान्तातील एका तपशिलाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. मिलरने सुरतेच्या देशी पोलीस शिपायांविषयी लिहिले आहे की मारण्यास ते बरेचदा नाखूश दिसत. गोरे अधिकारी रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेले की त्यांचे हात सैलावत आणि अधिकारी परतले की पुन्हा काठ्या उठत. शिपायाच्या हाताचे हे सैलावणे सरकारी पत्रकात येणे शक्य नव्हते, कारण सरकारला ते कबूल करायचे नव्हते. आंदोलकांच्या पत्रकातही ते येणे कठीण होते, कारण त्यांना अत्याचाराचे चित्र हवे होते. ते आले, कारण एक माणूस तेथे उभा राहून पाहत होता. त्याने पोलिसांची क्रूरता लपवली नाही आणि शिपायाचे माणूसपणही लपवले नाही. पोलिसांविषयी प्रामाणिक बातमी कशी असते याचा हा नमुना आपल्याच जिल्ह्यातला आहे.

३. ठाण्याचे दार

स्वातंत्र्यानंतर सरकार आपले झाले. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्य दुभंगले आणि सुरत गुजरातेत गेली. त्याच सुमारास आणि त्यानंतर शहर वेगाने वाढले. जरी, हिरे, यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या मिल्स वाढल्या. पत्रे वाढली, अहमदाबादच्या मोठ्या दैनिकांच्या सुरत आवृत्त्या निघाल्या. एवढ्या मोठ्या शहरात रोज पान भरायचे, तर बातमीचा असा उगम हवा जो रोज, ठरल्या वेळी आणि फुकट बातमी देईल. पोलीस ठाणे हा असा उगम आहे.

गुन्हे वार्ताहराचा दिवस कसा असतो ते पाहा. नियंत्रण कक्षाला फोन, दोन-चार ठाण्यांची फेरी, सिव्हिल हॉस्पिटल, न्यायालय आणि संध्याकाळी अधिकाऱ्याने दिलेली प्रेसनोट. फिर्याद ठाण्यात, पंचनामा ठाण्यात, मुद्देमाल ठाण्यात. आरोपी कोठडीत असतो आणि त्याला वार्ताहर भेटू शकत नाही. त्याचे घर शहराच्या दुसऱ्या टोकाला असते आणि बातमी रात्री दहाच्या आत द्यायची असते. शिवाय ज्या अधिकाऱ्याविषयी आज कठोर लिहिले, त्याच्याकडेच उद्या जायचे असते. यात कोणी अप्रामाणिक असण्याची गरज नाही. कामाची रचनाच अशी आहे की पोलिसांची बातमी ही बहुधा पोलिसांनी दिलेली बातमी ठरते. इंग्लंडमध्ये स्टुअर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात हेच दाखवले आहे. घटनेचा पहिला अर्थ जो सांगतो, त्याचाच अर्थ पुढच्या साऱ्या चर्चेची चौकट ठरतो. गुन्ह्याच्या बाबतीत हा पहिला सांगणारा जवळजवळ नेहमी पोलीस असतो.

संकटकाळात हे अवलंबन आणखी वाढते. डिसेंबर १९९२ आणि त्यानंतरच्या काळात सुरतेत जी भीषण दंगल झाली, तीत दीडशेहून अधिक माणसे मेली. संचारबंदीत वार्ताहराला बाहेर पडायचे तर पास लागतो आणि पास पोलीस देतात. मृतांचा आकडा नियंत्रण कक्षातून येतो. अशा वेळी वाचकापुढे दोनच गोष्टी उरतात : पोलिसांचा आकडा आणि गल्लीतील अफवा. प्रत्यक्षदर्शीचे दार बंद झाले की काय होते, याचा तो धडा होता.

४. बातमीची भाषा

ठाण्याच्या दाराने आलेली बातमी आपल्याबरोबर भाषाही घेऊन येते. मराठी वृत्तपत्रे वाचणाऱ्यांना हे शब्द पाठ आहेत : ‘गोपनीय माहितीच्या आधारे’, ‘सापळा रचून’, ‘शिताफीने’, ‘मुसक्या आवळल्या’, ‘जेरबंद’, ‘सराईत’. आरोप अजून सिद्ध व्हायचा असतो, पण ‘सराईत’ या एका शब्दाने निकाल लागून जातो. ‘बेड्या ठोकल्या’ हा मथळा तर रोजचा आहे. सरसकट बेड्या घालणे घटनेशी विसंगत असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच दिला आहे, हे मथळ्याला ठाऊक नसते.

क्रियापदांकडे पाहा. जमावाने दगडफेक ‘केली’, पोलिसांना लाठीमार ‘करावा लागला’. एकाची कृती ही इच्छा, दुसऱ्याची कृती ही नाइलाज. प्रत्यक्षात तसे असेलही, पण ते ठरवण्यापूर्वीच व्याकरणाने ठरवून टाकलेले असते. आणि तो लाठीमार नेहमी ‘सौम्य’ असतो. गुजराती पत्रे त्याला ‘हळवो लाठीचार्ज’ म्हणतात. गुजरातीत हळवो म्हणजे हलका, मराठीत हळवा म्हणजे कोमल मनाचा. दोन्ही भाषा जाणणाऱ्या सुरतकर मराठी माणसाला त्या शब्दाची गंमत कळते. पाठीवर ज्याने तो घेतला, त्याला मात्र ती कळत नाही. अलीकडे पकडलेल्या आरोपीला रस्त्यातून फिरवले, तर गुजराती बातम्यांत ‘वरघोडो काढ्यो’ असे लिहितात. आपण धिंड म्हणतो, ते लग्नाची वरात म्हणतात. शब्द विनोदी झाला की शिक्षा न्यायालयाने द्यायची असते याचा विसर पडतो.

सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘कबुली’. ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य आपण किती वेळा वाचले असेल! पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात हे स्पष्ट होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमातही तेच आहे. इंग्रज राज्यकर्त्यांनाही आपल्या पोलिसांवर एवढा विश्वास टाकणे धोक्याचे वाटले. जी गोष्ट न्यायाधीश ऐकणार नाही, ती वृत्तपत्र आपल्याला मथळ्यात सांगते आणि आपण ती निकाल म्हणून वाचतो. पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची नियमावली तयार करण्यास सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयास सांगितले, ते याच चिंतेतून.

५. आपल्या वस्त्यांचा प्रश्न

हा विषय केवळ अभ्यासाचा नाही. ताप्ती लाईनने नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेली हजारो कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली भागात राहतात. घरी अहिराणी, शाळेत मराठी, कारखान्यात हिंदी आणि हातात गुजराती वर्तमानपत्र, असे हे जीवन आहे. या वस्त्यांची नावे वृत्तपत्रात कोणत्या पानावर येतात, याचा आपण कधी हिशेब केला आहे काय? मुलगा दहावीत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला तर शाळेचे नाव येते. चोरीच्या संशयावरून कोणी पकडला गेला तर वस्तीचे नाव येते आणि बरोबर मूळ गावही येते. ‘परप्रांतीय’ हे विशेषण गुन्ह्याला लागते, कारागिरीला लागत नाही.

याच ठिकाणी आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. मुंबई, ठाणे, नाशिकच्या मराठी पत्रांत ‘परप्रांतीय’ हाच शब्द आपण दुसऱ्यांसाठी वाचत आणि वापरत आलो आहोत. सुरतेतील मराठी माणूस त्या शब्दाच्या दुसऱ्या बाजूला राहतो. म्हणून त्या शब्दाचे वजन त्याला जितके कळते तितके कोणाला कळू नये. फिर्यादीत आरोपीचा पत्ता आणि मूळ गाव लिहावे लागते, ती तपासाची गरज आहे. ते तसेच्या तसे मथळ्यात जाणे ही वाचकाची गरज नाही.

आणि पुढे काय होते? अटक ही घटना असते. तिला तारीख, छायाचित्र आणि अधिकारी असतो. खटला वर्षानुवर्षे चालतो. निर्दोष सुटका होते त्या दिवशी न्यायालयात वार्ताहर असतोच असे नाही, आणि ठाण्याला ती प्रेसनोट काढण्याचे कारण नसते. ज्याचे नाव एकदा छापून आले, त्याच्या घरी सोयरीक जमवताना, खोली भाड्याने घेताना, कामावर लागताना ती जुनी बातमीच उभी राहते. आता ती रद्दीतही जात नाही. संगणकात शोधली की सापडते.

६. शिपायाचे मौन आणि मोबाईलचे दार

या व्यवस्थेत अन्याय एकट्या आरोपीवर होतो असे नाही. बातमीत पोलीस म्हणून जो बोलतो तो अधिकारी. बंदोबस्तात बारा-बारा तास उभा राहणारा शिपाई, रात्रपाळीचा हवालदार, यांचा आवाज बातमीत जवळजवळ नसतो. त्याला कायद्याचेही कारण आहे. १९६६ च्या पोलीस दलांच्या हक्कांवर मर्यादा घालणाऱ्या कायद्यानुसार पोलिसाला परवानगीवाचून वृत्तपत्राशी बोलता येत नाही आणि संघटनाही करता येत नाही. शिस्तीसाठी ते आवश्यक मानले जाते. परंतु त्याचा परिणाम असा की शिपाई केव्हा दिसतो, तर लाच घेताना किंवा काठी उगारताना. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईच्या पोलिसांचा संप भडकला, तेव्हा शिपायाच्या घरची स्थिती महाराष्ट्राच्या पत्रांत ठळकपणे आली. त्यासाठी शहर पेटावे लागले.

मोबाईलने हे दार उघडले. ऑगस्ट २०१५ च्या पाटीदार आंदोलनात गुजरातेत मोबाईल इंटरनेट अनेक दिवस बंद ठेवले गेले. ध्वनिचित्रफीत किती वेगाने फिरते याची ती शासकीय कबुलीच होती. एप्रिल आणि मे २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेले परप्रांतीय कामगार लसकाणा, वराछा, वरेली येथे घरी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर आले, अश्रुधूर सुटला, आणि ते दृश्य कामगारांच्याच मोबाईलमधून देशाने पाहिले. त्याच वर्षी जुलैमध्ये वराछा भागात रात्रीच्या संचारबंदीत एका महिला पोलीस शिपायाने काहींना अडवले. राज्याच्या एका मंत्र्याचा मुलगा तेथे आला, वाद झाला. त्या वादाच्या फिती फिरल्या, मंत्र्याच्या मुलासह तिघांना अटक होऊन जामीन मिळाला, चौकशी लागली. त्या शिपायाची बाजू बरोबर की चूक, हा येथे प्रश्न नाही. सुरतेच्या बातमीत एक शिपाई प्रेसनोटवाचून स्वतःच्या आवाजात बोलला, ही गोष्ट नवी होती.

तथापि मोबाईल म्हणजे वेब मिलर नव्हे. तीस सेकंदांची फीत काठी दाखवते, आधीचा दगड दाखवत नाही. किंवा दगड दाखवते आणि त्याआधीची काठी दाखवत नाही. शिवाय पोलिसांनीही स्वतःची समाजमाध्यमे उघडली आहेत. संगीत लावलेल्या कारवाईच्या फिती तेथे प्रसिद्ध होतात आणि अनेक वृत्तसंस्था त्या जशाच्या तशा दाखवतात. म्हणजे दार नवे, पण आत येणारी बातमी पुष्कळदा जुन्या ठाण्याचीच असते.

७. वाचकाचे कर्तव्य

पोलिसांची निंदा किंवा स्तुती, यांपैकी काहीही या विवेचनाचा हेतू नाही. चांगला पोलीस तपास आणि चांगले वृत्तपत्र, दोन्ही शहराला हवे आहेत. वाचक सावध असेल तर दोघांवरही चांगला धाक राहतो. म्हणून पोलिसांविषयीची कोणतीही बातमी वाचताना चार प्रश्न मनाशी विचारावेत. ही माहिती कोणी दिली? दुसऱ्या बाजूला विचारले होते काय? यातले सिद्ध किती आणि आरोप किती? आणि या माणसाच्या वस्तीचे, गावाचे नाव येथे नसते तर बातमीत काय उणे झाले असते?

शेवटी या शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी आणि माजी विद्यार्थ्यांसाठी एक साधी सूचना. आपल्यापैकी कोणी वकील आहेत, कोणी वृत्तपत्रांत काम करतात, कोणी खाकी वर्दीत आहेत. वरच्या वर्गातील मुलांनी दर वर्षी आपल्या भागातील अटकेच्या दहा बातम्या वहीत चिकटवाव्यात, नावे झाकून टाकावीत आणि वकील माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने त्या खटल्यांचे पुढे काय झाले याचा माग घ्यावा. न्यायालयीन खटल्यांची स्थिती आता ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. दहांतील किती आरोपपत्रापर्यंत गेले, किती निकालापर्यंत, आणि त्या निकालांची बातमी कोणी छापली, हे वर्षाअखेरीस शाळेच्या भित्तिपत्रकावर लिहावे. हे काम खर्चाचे नाही, पण चिकाटीचे आहे. चार-पाच वर्षे ते चालले तर आपल्या वस्तीविषयी काय छापले जाते आणि शेवटी काय ठरते, याची नोंद या शाळेपाशी राहील.